धोटेकाकांचा स्केटबोर्डवाला

धोटेकाका पोहेसुद्धा तपासून खातात. बशी डोळ्यांसमोर धरतात, जळकी मोहरी बाजूला काढतात आणि म्हणतात, "ड्रॉइंगप्रमाणे नाही." कारखान्यात ज्या नकाशावरून माल पास किंवा नापास होतो, ते ड्रॉइंग. तपासणी विभागात हयात गेली, आता निवृत्त झाले तरी खोड जात नाही. आमच्या कॉलनीत माझ्या लग्नाचा मांडवही त्यांनी नापास केला होता.

अशा माणसाला वेड कशाचं असावं? स्केटबोर्डचं! स्वतः कधी त्या फळीवर पाय ठेवला नाही. सेकंड शिफ्ट असली की सकाळी केबल लावत, त्यात एकदा कठड्यांवरून उड्या मारणारा एक परदेशी पोरगा दिसला आणि काका त्याचे झाले ते झालेच. आता तो पन्नाशीला आलाय. गुडघे गेले, उड्या बंद, सपाट जमिनीवर फळीशी निवांत खेळतो. त्याच्या व्हिडिओखाली चाहत्यांनी 'संपला' असं लिहिलं की काका पेटतात.

"अरे, त्याचं ड्रॉइंग रिव्हाइज झालंय! जुन्या ड्रॉइंगवर नवा माल तपासतात का? मी एकदा तपासला होता. अख्खा लॉट परत पाठवला, आणि साहेबांनी मला उभा-आडवा घेतला."

मग इंग्रजीतलं उत्तर मी टाइप करायचं. एका अनोळखी माणसाच्या गुडघ्यांसाठी मी जगभर भांडलोय.

गुडघे काकांच्या बायकोचे, नलूकाकूंचेही गेले होते. काकू म्हणजे कॉलनीच्या क्लबची बॅडमिंटन चॅम्पियन. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हलकं खेळायला परवानगी दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी अंगणात शटल मारलं आणि काका सवयीने बोलून गेले, "पूर्वीसारखा हात नाही." काकूंनी रॅकेट कपाटावर टाकली. "लोक जुनी नलू बघायला येणार. ती मी कुठून आणू?" म्हणाल्या. दोन महिने क्लबचं नाव नाही. काका इतके खजील झाले की पोह्यांना नावं ठेवणंही थांबलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

एका संध्याकाळी गेलो तर दोघं सोफ्यावर, काकांच्या हातात मोबाइल. काकू बराच वेळ त्या स्केटबोर्डवाल्याकडे बघत होत्या.

"याचे गुडघे गेलेले दिसतात."

"गेलेत."

"पण मजेत आहे हो मेला!"

काका चष्मा पुसत म्हणाले, "माझं चुकलं, नलू. मी तुला जुन्या ड्रॉइंगवर तपासलं."

काकूंनी उठून चहा ठेवला, मलाही दिला.

रविवारी त्या क्लबवर आल्या. जागेवरून फारशा हलल्याच नाहीत. ड्रॉप मारून शटल जाळीलगत अलगद पलीकडे सोडत होत्या आणि समोर खेळणारी कॉलनीतली एक तरणीताठी सून धावून धावून घामाघूम झाली होती. बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आंटी पहले क्या स्मैश मारती थीं, यार!"

"भाईसाहब, अभी का ड्रॉप देखिए, ड्रॉप!" काका कडाडले. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "अरे, हिचा व्हिडिओ काढ ना."

काढला. विचारलं, "काका, टाकू का कुठे?"

ते दचकलेच. "छे छे! लोक खाली काहीबाही लिहितात." आणि कोर्टवरची नजर न काढता म्हणाले, "फक्त मला दे."