उसनी सरस्वती

व्यासरावांनी वाचनालयाला पुस्तकं दान दिली होती आणि नवरात्र आलं की ते ती सगळीच्या सगळी घरी घेऊन यायचे. चोरून नव्हे हो, रीतसर. सभासद होऊन, कार्डावर शिक्का मारून घेऊन. अडचण एवढीच, की एका कार्डावर दोनच पुस्तकं मिळायची आणि व्यासरावांनी दिलेल्या पुस्तकांनी वाचनालयातलं एक अख्खं कपाट भरलं होतं. त्यामुळे नवरात्राच्या तोंडावर मैलापुरातली आमची सगळी गल्ली एकाएकी वाचनवेडी होत असे. इस्त्रीवाला, सोडावाला, देवळापाशी बसणारी फुलवाली, सगळे वाचनालयाच्या दारात उभे. फुलवालीला अक्षरओळख नव्हती. तिच्या वाट्याला भूमिती आली तेव्हा ती घाबरून म्हणाली, "सामी, याचं मी काय करू?" व्यासराव तिला तमिळमध्ये म्हणाले, "काही करू नकोस. बाहेर येऊन माझ्या हातात दे."

मी कंपनीच्या बदलीवर मद्रासला आलो तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. व्यासरावांच्याच घराची माडी आम्ही भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपण पुण्याचे?"

"नाही, साताऱ्याचा."

"तेंच," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी पुणेकर झालो. तुंगभद्रेच्या पलीकडचे सगळे त्यांच्या हिशेबी पुणेकरच.

त्यांचे पूर्वज कधीकाळी आमच्याच बाजूने तंजावरला गेलेले. व्यासराव तिथून मद्रासला आले, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांची मराठी ऐकली की माझे पणजोबा समोर येऊन बसलेत असं वाटायचं. मध्येच तमिळ शब्द, आणि वाक्याच्या शेवटाला तमिळ हेल. एकदा माझं बोलणं बराच वेळ ऐकून घेतल्यावर ते कळवळून म्हणाले, "तुमच्याकडे मराठी फार बिघडली, पुणेकर. कोणी लक्ष ठेविलें नाहीं वाटतें."

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "हें न्याय का?" बस थांब्यापुढे जाऊन थांबली, हें न्याय का? दूधवाल्याने पाणी घातलं, हें न्याय का? शेजारच्या पोराने नेमका दुपारी मृदंग बडवायला घेतला, नळाला पाणी आलं तेव्हा हे स्नानसंध्येत होते आणि संध्या आटोपली तेव्हा नळ गेला, हें न्याय का? प्रश्न कोणाला विचारलेला नसे. पण आपण समोर असलो तर उत्तर द्यायची जबाबदारी आपली, असा त्यांचा चेहरा असे.

मला चौकशा फार, हे माझ्या बायकोचं, कुमुदचं, जुनं गाऱ्हाणं आहे. मी त्यांना विचारलंच, "व्यासराव, दान दिलेली वस्तू परत कशाला आणायची?"

"पुस्तक दिलें. सरस्वती दिली नाहीं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. आपण दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो, झालं. तिकडे तसं नाही. नवमीला घरातली सगळी पुस्तकं पाटावर रचायची, वर फुलं वाहायची, पूजा करायची. एकदा पूजा झाली की ती रास हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा करायची, मग पुस्तक उचलायचं आणि चार ओळी वाचायच्या. तोवर वाचनही बंद. आता सगळी पुस्तकं वाचनालयात गेल्यावर या माणसाने पाटावर काय रचायचं, पंचांग?

वाचन बंद म्हणजे किती बंद, ते आमच्या पहिल्याच नवमीला कळलं. मी ओसरीवर वर्तमानपत्र उघडलं, तर ते त्यांनी माझ्या हातून अलगद काढून घेतलं. संध्याकाळी आम्ही बसने कुठेतरी निघालो, तर हे थांब्यावर बसकडे पाठ करून उभे. बसचा नंबर वाचला तरी ते वाचनच ना.

वाचनालयाचे शेषाद्री हे सालस गृहस्थ. दर वर्षी ते व्यासरावांना, तमिळ रीतीने रावांचं रायर करून, हात जोडून म्हणायचे, "रायर सार, एवढी पुस्तकं बाहेर गेली तर वाचकांनी काय करायचं?"

"आजवर कोणी मागितलें?" व्यासराव विचारायचे.

शेषाद्री कार्डांवर शिक्के मारायला घेत. कारण त्या कपाटात जुनी गणितं, संस्कृत व्याकरणं आणि मराठी पुस्तकं. मैलापुरात मराठी वाचणार कोण? व्यासराव सोडले तर इनमिन दोघे, मी आणि कुमुद.

त्या राशीत एक लाल कापडी बांधणीचं पुस्तक असायचं. बायकांच्या सणावारी म्हणायच्या गाण्यांचं, त्यांच्या दिवंगत पत्नीचं. बाकीची पुस्तकं आम्ही गल्लीकर वाहून आणायचो, पण ते मात्र व्यासराव स्वतः आणायचे. राशीत ते सगळ्यांत वर. त्याच्यावाचून पूजेला सुरुवात होत नसे.

आमच्या तिसऱ्या नवरात्रात ते पुस्तक कपाटात नव्हतं.

"टीचरम्मांकडे आहे, रायर सार," शेषाद्री म्हणाले. "इथल्या शाळेत शिकवतात, राहतात तांबरमला. तुमच्या कपाटातली मराठी पुस्तकं तेवढ्या एकट्या नेतात. हे पुस्तक दर वर्षी पूजेआधी आठवणीने आणून देतात. यंदा का आणलं नाही, ठाऊक नाही."

"नांव?"

"रुक्मिणी नायर."

आता शेषाद्रींना न्यायाचा प्रश्न विचारला जाणार म्हणून मी सावरून उभा राहिलो. पण व्यासराव धोतराचा सोगा सावरत बाहेर पडले आणि सरळ घरी गेले. रांगेतली फुलवाली माझ्याकडे बघत राहिली. बाकीची पुस्तकं आम्ही त्यांच्याशिवायच घरी आणली.

रात्री जेवताना मी हे कुमुदला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, ती त्यांची मुलगी."

मला चौकशा फार, पण बातम्या सगळ्या हिला ठाऊक. एकुलती एक मुलगी. तिच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या नायर मास्तरांशी स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि व्यासरावांनी दार लावून घेतलं. आई वारली तेव्हा ती आली होती. अंगणात उभी राहून रडली आणि निघून गेली. तेव्हाही हे एक अक्षर बोलले नाहीत. घरातली पुस्तकं त्यांनी वाचनालयाला देऊन टाकली ती त्याच वर्षी.

मला त्या माणसाचा राग आला. खरं सांगतो, त्या रात्री आला. बसच्या थांब्यावरून न्याय मागणारा हा माणूस, आणि घरात हे.

पुढचे दिवस व्यासराव खालीच बसून होते. पूजेची भांडी घासून ठेवली, पाट धुतला. नवमीला सकाळी मी दात घासत होतो, तर ते जिना चढून वर आले. अंगावर धुतलेलं उपरणं, हातात कापडी पिशवी.

"चला, पुणेकर. तांबरमला जाऊन पुस्तक आणायचें. अकरांच्या आंत परत. मग पूजा."

"मी कशाला?"

"आज मज वाचणें नाहीं. स्टेशनाच्या पाट्या कोण वाचणार?"

माम्बलमला आम्ही विजेची गाडी पकडली. मी प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्याने वाचत होतो आणि ते मान हलवत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूला निघालेत. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. एका वळणावर ती कलली, तेव्हा आतलं दिसलं. नारळ, विड्याची पानं, सुंडलचा डबा, म्हणजे तिकडची नवरात्रातली खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणि घडी घातलेला जुना रेशमी खण. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"दुसऱ्याकडचें पुस्तक आणायला रिकाम्या हातीं जाऊं नये," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मग पाटी दिसली म्हणून घाईने मान फिरवली.

तांबरमला विचारत विचारत घर सापडलं. दार पांढरी लुंगी नेसलेल्या एका गृहस्थांनी उघडलं. हेच नायर मास्तर. त्यांनी व्यासरावांना पाहिलं आणि ते तसेच आत धावले. मग रुक्मिणीबाई बाहेर आल्या. नाक अगदी वडिलांचं.

व्यासराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "वाचनालयाचें पुस्तक आहे म्हणे इथें. तें हवें."

"आंत या, अप्पा."

ते आत गेले. त्यांच्या मागून मी. समोरच्याच खोलीत पाटावर पुस्तकं रचलेली, समई लावलेली, उदबत्तीचा धूर अजून खोलीतच होता. सगळ्यांत वर ते लाल पुस्तक, त्यावर मोगऱ्याचा गजरा.

"पूजा झाली?" व्यासरावांनी विचारलं.

"आतांच झाली, अप्पा."

"म्हणजे आतां..."

"आतां उद्यां सकाळीं. तोंवर हलवायचें नाहीं. तुम्हींच शिकविलें कीं."

नायर मास्तर स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचा पेला धरून उभे. मी मनात म्हटलं, आता हे दुसऱ्याच्या घरची पूजा मोडतात की पुस्तक सोडून परत निघतात? दोन्हींपैकी काही झालं असतं तरी मला आश्चर्य वाटलं नसतं.

व्यासरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि खुंटीला अडकवलं.

"मग उद्यां सकाळपर्यंत थांबणें आलें," ते म्हणाले, शेवटची बस चुकलेल्या माणसासारखे. जावयाच्या हातातला पेला त्यांनी घेतला आणि कॉफी प्यायले. ज्या घराचं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नव्हतं, त्या घरची कॉफी.

"पण घरची पूजा, अप्पा?"

"पुणेकर करतील."

मी गडबडलो. त्या राशीला मला त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता, समईत तेल घातलं तरी मागून पुसून घ्यायचे. "अहो, मला काही येत नाही."

"कुमुदबाईंस विचारा. त्यांस अस्कें येतें." अस्कें म्हणजे त्यांच्या मराठीत सगळं.

मग त्यांनी पिशवीतून खण काढून मुलीच्या हातात ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. "आईचा आहे. पेटींत नुस्ता पडून होता."

रुक्मिणीबाईंनी तो डोळ्यांना लावला. व्यासराव लगबगीने वळून नायर मास्तरांना विचारायला लागले, की हल्ली शाळेत बीजगणित कोणत्या इयत्तेपासून शिकवतात.

मी निघालो. रुक्मिणीबाई मला फाटकापर्यंत पोहोचवायला आल्या. खण हातातच होता. गप्प निघून जायचं सोडून मी विचारलंच, "दर वर्षी पूजेआधी पुस्तक परत देत होता म्हणे. यंदा राहून गेलं का?"

त्यांनी मागे वळून घराकडे बघितलं.

"राहून गेलें नाहीं. ठेवून घेतलें," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठीं अप्पा येत नाहींत, तें मज कळून चुकलें होतें. म्हटलें, आईच्या पुस्तकासाठीं तरी येतील."