बास म्हणेपर्यंत

गाडी पार्किंगमध्ये तोंडाने शिरावी की पाठीने, या प्रश्नावर हेडक्लार्कांच्या बिल्डिंगमध्ये तब्बल अडीच तास मीटिंग चालली, आणि गळक्या छपराचा विषय नेहमीप्रमाणे वाहून गेला.

हेडक्लार्क पाणीपुरवठा खात्यात होते. बिल्डिंगचे सेक्रेटरीही तेच, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येकाने गाडी रिव्हर्स घेऊन लावावी. म्हणजे उद्या काही झालं, तर चावी फिरवली की सरळ बाहेर.

"संकट सांगून येत नाही!" असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. (टेबल कॅरमचं होतं. सोंगट्या उडाल्या. राणी अजून सापडलेली नाही.)

"साहेब, आपण घरात शिरताना तोंड पुढे करतो की पाठ?" समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. "पाठीनं शिरतो तो एक तर चोर, नाहीतर उशिरा आलेला नवरा."

यावर इतका हशा झाला की हेडक्लार्कांनी घाईघाईने मतदान घेतलं. नियम सात विरुद्ध सहा मतांनी पास झाला. विरोधातल्या सहा हातांपैकी एक हात खुद्द त्यांच्या बायकोचा होता.

"अगं, निदान घरचं मत तरी..." जिना चढताना ते कळवळले.

"रोज संध्याकाळी गाडीमागे उभं कोण राहणार? तुमचे ते सात जण?"

इथे एक गुपित फोडायला हवं. रिव्हर्सचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या या गृहस्थांना रिव्हर्स येत नव्हता. परवान्याच्या परीक्षेत ती वेळ आली, तेव्हा तपासणाऱ्या साहेबांना जेवायची घाई होती, म्हणून निभावलं. तेव्हापासून गाडी मागे घ्यायची म्हटलं की बायको उतरून मागे उभी राही आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणे. हेडक्लार्क समोर बघत, कान मागे लावत, आणि "बास" ऐकू आलं की ब्रेक दाबत. आरशात त्यांनी कधी पाहिलंच नाही. आरशात सगळं उलटं दिसतं आणि आपण आणखी गोंधळतो, असं त्यांचं मत होतं. बायको असताना आरसा कशाला?

मग एवढा आटापिटा कशासाठी? तर लेकीसाठी.

सव्वीस वर्षांपूर्वी ही लेक जन्माला आली तेव्हा हेडक्लार्क मित्राची गाडी घेऊन ऑफिसात गेले होते. दवाखान्यातून निरोप आला. गाडी भिंतीला तोंड लावून उभी. ती मागे घेता घेता पाऊण तास गेला, फाटकाचा एक खांब गेला, आणि हे पोचले तेव्हा लेक दूध पिऊन झोपली होती. त्यावरचा टोमणा घरात इतका मुरला होता की लोणच्याने लाजावं. आता त्याच लेकीचे दिवस भरत आले होते. तिचं गाव दीड तासावर. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, माझ्या वेळी हुकलात. या वेळी नाही हं चुकायचं."

एकट्याचीच गाडी उलटी लावली तर लोक कारण विचारणार, आणि हे ते मीटिंगमध्ये कसं सांगणार? म्हणून संकटाचं नाव पुढे केलं.

वेळ जवळ आली तशी बायको लेकीकडे जायला निघाली. आदल्या संध्याकाळी हेडक्लार्कांनी एक कारस्थान केलं. गाडी लावताना मोबाइल गुपचूप खिडकीत ठेवला आणि सगळं रेकॉर्ड करून घेतलं. जागा तीच, सुरुवात तीच (पुढचं चाक गटाराच्या झाकणावर), वेग तोच. मग आवाज तरी वेगळा कशाला हवा?

एकेचाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं ते. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे... तुमच्या नव्हे, माझ्या..." मग एक दणदणीत शिंक. "आता सरळ... येऊ द्या... बास! बास म्हटलं ना! उतरा आता, चहा टाकते."

दुसऱ्या दिवसापासून सव्वासहाला ऑफिसातून आले की हेडक्लार्क चाक झाकणावर आणत, मोबाइल लावत, आणि शिंक आली की स्टिअरिंग सरळ करत. गाडी अशी बसे, जशी काडेपेटीत काडी. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटू लागला.

फक्त शेवटची चार सेकंदं जरा जड जात. "उतरा आता, चहा टाकते." ते ऐकून ते वर जात, कुलूप उघडत, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅसकडे बघून येत.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी जिन्यात गाठलं. नियमाचा निषेध म्हणून डॉक्टर अजूनही गाडी तोंडानेच लावत. त्याबद्दल सेक्रेटरींनी त्यांना दोन नोटिसा दिल्या होत्या. त्या दोन्ही डॉक्टरांनी फ्रेम करून दवाखान्यात लावल्या होत्या.

"वहिनी आल्या वाटतं?"

"नाही, नाही. लेकीकडेच आहे."

"मग आवाज ऐकला मी. सर्दी झालीय त्यांना."

"हो, म्हणजे... येऊन-जाऊन असते."

"सर्दी का वहिनी?"

"दोन्ही."

"रोज सव्वासहाला बरोबर एकच शिंक देतात. आणि वर येताना दिसत नाहीत."

"मागच्या जिन्यानं जाते ती."

"साहेब," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बिल्डिंगला मागचा जिना नाही." आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या घरून जेवणाचा डबा आला. रोज येऊ लागला. बायकोच्या विरहात याचं डोकं फिरलंय, असं साऱ्या बिल्डिंगचं एकमत झालं. (छपरावर झालं नव्हतं, यावर झालं.)

बाराव्या दिवशी हेडक्लार्कांनी नेहमीप्रमाणे चाक झाकणावर आणलं आणि रेकॉर्डिंग लावलं. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे..." गाडी मागे सरकू लागली. शिंक यायची तेवढ्यात रेकॉर्डिंग थांबलं आणि फोनच वाजला. त्यांनी बटण दाबलं. गाडीभर पुन्हा बायकोचाच आवाज घुमला.

"अहो, कळा सुरू झाल्यात. हिला दवाखान्यात आणलंय. लगेच निघा. ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय," हेडक्लार्क म्हणाले. आणि खरंच, जिवाचा कान करून ऐकत होते. डोळ्यांपुढे लेक उभी होती, दोन वेण्यांतली. गाडी मात्र मागे मागेच चालली होती. कारण आवाज बायकोचा होता, आणि त्या आवाजाने अजून "बास" म्हटलं नव्हतं.

"इथले डॉक्टर म्हणतात, दोन तास तरी लागतील. तुमचा शर्ट आणा एक जास्तीचा. आणि हळू चालवा..."

धाडकन आवाज झाला. मागच्या भिंतीवरून बिल्डिंगचा पाण्याचा मुख्य पाइप गेला होता. तो आता भिंतीवरून जात नव्हता. पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कांनी, सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, एवढ्या जोमाने पाणीपुरवठा केला. कारंजं पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. मागची चाकं फुलझाडांच्या वाफ्यात रुतली आणि चिखलात जागच्या जागी गरगरू लागली.

हेडक्लार्क उतरले. नखशिखान्त भिजले. गाडीचं तोंड बाहेर होतं, रस्ता मोकळा होता, चावी लागलेली होती, सगळं अगदी नियमाप्रमाणे. फक्त गाडी हलत नव्हती.

डॉक्टर बनियनवर धावत आले. शेरे मारायला त्यांच्याजवळ महिन्याभराचा साठा होता, पण हेडक्लार्कांचा चेहरा बघून त्यांनी तो तसाच गिळला.

"काय झालं?"

"लेक... दवाखान्यात... मी पुन्हा उशिरा पोचणार हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी आधी वॉचमनला पाण्याचा वॉल्व्ह बंद करायला पिटाळलं. मग, तोंडाने लावलेली आपली गाडी एका झोकात मागे घेतली, इतक्या अलगद की आजूबाजूच्या गाड्यांना पत्ताही लागला नाही.

"बसा. काही पुसू नका, तसेच बसा."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बायको येरझारा घालत होती. नवरा समोर येऊन उभा राहिला, तेव्हा तिने आधी घड्याळ बघितलं.

"वेळेवर आलात!" मग खाली बघितलं. "आणि हे काय? तळं का झालंय पायाशी?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. दारामागून कुणीतरी टाहो फोडला, अगदी नवाकोरा, खणखणीत. नर्सने दार किलकिलं केलं. "मुलगी आहे. दोघी छान आहेत."

हेडक्लार्क बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. एवीतेवी ओलेच होते, त्यामुळे फारसा फरक दिसला नाही.

बाकी सगळं डॉक्टरांनी सांगितलं. शिंकेसकट. बायकोने मोबाइल मागून घेतला, ओलसर होता पण चालू होता, आणि एकेचाळीस सेकंदं कानाला लावून ऐकलं.

"रोज लावायचात हे?"

"रोज."

"शेवटपर्यंत? चहा टाकते पर्यंत?"

"हो."

"मग चहा कोण टाकायचं?"

"कोण टाकणार. बसायचो थोडा वेळ तसाच."

बायको पदराच्या टोकाने त्यांचे कान पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, "एक सांगू? रागवायचं नाही."

"आज नाही रागवणार."

"मागे उभी असते ना मी, तेव्हा डोळे मिटलेले असतात माझे. पहिल्या दिवसापासून. तुमची गाडी अंगावर येताना बघवतच नाही हो. आवाज फार जवळ आला की बास म्हणते."

सव्वीस वर्षं, विचार करा. एकजण न बघता चालवत होता आणि दुसरी न बघता दाखवत होती.

दीड महिन्याने बायको परतली. नवा पाइप बसला होता, गाडी दुरुस्त झाली होती. पहिल्याच संध्याकाळी ती मागे जाऊन उभी राहिली. "येऊ द्या... येऊ द्या..." हेडक्लार्कांनी आयुष्यात प्रथमच आरशात पाहिलं. ती उभी होती, डोळे घट्ट मिटून, ओठ दाबून, एक हात हवेत हलवत, कधीही अंगावर येईल अशा गाडीमागे, निव्वळ त्यांच्या भरवशावर. त्यांच्याने पुढे जाववेना. त्यांनी ब्रेकच दाबला.

गाडीचा आवाज काही जवळ येईना. मग तिने घाबरत एक डोळा उघडला. "अहो, मी बास कुठे म्हटलं?"

"मीच म्हटलं," हेडक्लार्क म्हणाले. "चल, आज चहा मी टाकतो."

गाडीचं नाक मात्र चार फूट वाटेत राहिलं. सकाळी डॉक्टरांची लेखी तक्रार आली आणि सेक्रेटरींना तिसरी नोटीस काढावी लागली, स्वतःच्याच नावे. तिची एक प्रत डॉक्टरांनी अगत्याने मागून घेतली. दवाखान्यातल्या त्या दोन फ्रेमांशेजारी एक खिळा त्यांनी आधीच ठोकून ठेवला होता.