तीन डबे माइल्ड इंग्लिश

माणूस ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात. चष्मासुद्धा लागत नाही! कोलशेतच्या रंगाच्या कंपनीत उभी हयात अकाउंट्समध्ये काढली. आता कुणीही समोर आलं की डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात. डावीकडे तो दाखवतोय ते, उजवीकडे खरं आहे ते. मेळ बसला नाही की मी मनातल्या मनात लाल शाईनं गोल करतो आणि वरवर गोड हसतो.

तर असा मी, शिवराम, मुलीचं लग्न ठरवायला डोंबिवलीला गेलेलो.

खरं म्हणजे ठरवायचं काही उरलंच नव्हतं. आमची दीप्ती आणि रत्नदीप एकाच ऑफिसात. त्यांनी आपापसांत सगळं पक्कं केलेलं. आम्हा मोठ्यांच्या वाट्याला फक्त 'हो' म्हणणं आणि पोहे खाणं एवढीच कामं. दीप्तीनं रिक्षातच मला दम भरला.

"पप्पा, प्लीज, आज फेकू नका हं."

"मी कधी फेकतो गं?"

"कल्याणच्या त्या काकांना सांगितलेलं ना, मी रोज खाडीत पोहतो म्हणून? ते सकाळी टॉवेल घेऊन दारात उभे राहिले, आणि तुम्ही मागच्या जिन्यानं पळालात!"

"ते स्थळच बरं नव्हतं."

"ते गेलं, मला काही वाटलं नाही. पण रत्नदीपच्या घरी असलं काही झालं ना, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही. खरंच सांगते."

आसावरी, म्हणजे आमची ही, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू कुणाला सांगतेयस? नळ गळायचा थांबेल एक वेळ."

रत्नदीपच्या वडिलांचं नाव महेंद्रराव. घरातही शर्ट खोचलेला, भांग असा सरळ, जणू पट्टी ठेवून पाडलाय! 'जय भीम' झाला, पाणी झालं, चहा-पोहे आले. पहिला घोट घेऊनच ते म्हणाले, "शिवरामराव, मी स्पष्ट सांगतो. चहात साखर नसली तरी चालेल. पण माणसात खोटेपणा मला चालत नाही. एकदा कळलं की संपलं!"

दीप्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

बोलणं कशावर काढावं म्हणून मी शोकेसकडे नजर टाकली. ट्रॉफ्यांच्या मधोमध एक पाइप! ओढायचा, वाकड्या दांड्याचा, तपकिरी, चकचकीत. मी लगेच डावा रकाना भरला : माणूस शौकीन आहे.

"अरे वा! पाइप ओढता?"

महेंद्रराव क्षणभर थांबले. मग खोचलेला शर्ट आणखी खोचत म्हणाले, "हो... म्हणजे अधूनमधून. माइल्ड इंग्लिश."

आता इथे कुठलाही शहाणा माणूस 'छान छान' म्हणून पोह्यांवरचं खोबरं वेचतो. मी म्हटलं, "काय सांगता! मीसुद्धा! मी तर माइल्ड इंग्लिशशिवाय दुसरं काही तोंडात घेत नाही!"

आसावरीच्या बशीतून चहा सांडला.

तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! "असं करू, येत्या रविवारी आमच्याकडे बाळकुमला या सगळे. तीन वेगवेगळी मिश्रणं ठेवतो. आपण दोघं चव घेऊ, तुलना करू. जाणकार माणूस भेटतोय कुठे हल्ली!"

महेंद्ररावांनी आवंढा गिळला. मी नोंद केली : तलफ.

घरी येईपर्यंत दीप्ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. "पप्पा, तुम्ही उदबत्तीच्या धुरानं शिंकता."

"शिकेन! आठवडा आहे."

माल मिळवणं सोपं होतं. आमच्या कंपनीतल्या साईनाथचा मेहुणा जहाजावर. त्याच्याकडून तीन डबे आले. देखणे, गोल, झाकणावर शिडाच्या जहाजाचं चित्र. पाइप ठाण्यात मिळाला. बाकी ज्ञान मी मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवलं. इंग्लिश पद्धत म्हणजे काय, तर तंबाखूला साखरेचा पाक नाही, व्हॅनिला नाही, गुलाबपाणी नाही. नुसती पानं. त्यातलं एक पान लाकडाच्या धुरावर सुकवलेलं. ते कमी असलं की माइल्ड. पाइप भरायचीही रीत असते : पहिली चिमूट बाळाच्या हातानं, हलकी. दुसरी आईच्या हातानं, जरा दाबून. तिसरी बापाच्या, घट्ट.

"म्हणजे ओढणार एकटा बाप, आणि सगळं घर कामाला!" आसावरी म्हणाली.

बाल्कनीत पहिला झुरका घेतला. मी खोकलो. असा खोकलो, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन हातात कार्ड ठेवलं. वैद्यांचं! दुसऱ्या झुरक्याला समोरचा टॉवर जागचा हलला. तिसरा मी घेतलाच नाही. त्याऐवजी वाक्यं पाठ केली. 'हं, सुरुवातीला गवताचा गोडवा आहे.' 'मागाहून कातड्याचा भास होतो.' 'जिभेला चावत नाही.' पेपर कोरा ठेवण्यापेक्षा गाईड पाठ केलेलं बरं!

डबे मी स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे लपवले. आणि घोटाळा झाला तो तिथेच.

कारण आमच्या घरात एक खरोखरचं तंबाखूचं माणूस होतं. माझी आई. हौसाबाई. गाव सोडलं, कोपरीची चाळ सोडली, आता नवव्या मजल्यावर आली, पण मशेरी सोडली नाही. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, बोटानं हिरड्यांना लावायचा आणि मग जगाला क्षमा करायची, हा तिचा सकाळचा नेम. दाताच्या डॉक्टरांनी बंदी घातली. दीप्तीनं त्याच आठवड्यात तिची डबी कचऱ्यात टाकली. आई तेव्हापासून घरात वाघिणीसारखी फिरत होती. मला दिसत होतं. पण मी त्या वेळी जिभेला न चावणारी वाक्यं पाठ करत होतो.

रविवार उजाडला. आसावरी आणि दीप्ती श्रीखंड आणायला गेल्या. मी पाहुण्यांना घ्यायला गेटवर. गाडीतून महेंद्रराव उतरले, रत्नदीप उतरला आणि मागून हळूहळू त्याची आजी उतरली, मंजुळाबाई. हिरवं नऊवारी, हातात काठी. रत्नदीपची आई नर्स, तिची ड्युटी होती.

लॉबीत आलो तर ही गर्दी! आमच्या सोसायटीचे चेअरमन चांगदेव लाल सिलिंडर छातीशी धरून उभे. आग विझवायचा. शेजारी दोन वॉचमन, एक वाळूची बादली.

"शिवरामराव! वर काहीतरी जळतंय! ग्रुपवर पन्नास मेसेज आलेत. कुणी म्हणतं वायर, कुणी म्हणतं टायर!"

वास मलाही आला. रबर, डांबर, भिजलेली घोंगडी आणि त्यात कुठेतरी लवंग. हा वास मी बाल्कनीत घेतलेला!

मंजुळाबाईंनी नाक वर केलं. "मशेरी भाजतंय कुनीतरी."

"आजी," चांगदेव म्हणाले, "हा तीन लिफ्टचा टॉवर आहे. इथं मशेरी कोण भाजणार?"

"ज्याला दात हायेत त्यो!"

मी पाहुण्यांना कसंबसं हॉलमध्ये बसवलं, चांगदेवांना 'फोडणी करपली' म्हणून दारातून परतवलं आणि स्वयंपाकघरात धावलो. आई ओट्यापाशी स्टुलावर. तव्यावर काळाकुट्ट ढीग. खाली परातीत उरलेला तंबाखू. तिन्ही डबे रिकामे, एकात एक बसवून ठेवलेले.

"आई! हे काय केलंस?"

आईचे डोळे भरलेले. धुरानं असतील असं मला वाटलं. पण नाही.

"शिवराम, तू किती गुनाचा रे! पोरीनं माझी डबी फेकली, बायको गप बसली. पन तू गुपचूप आनून ठिवलीस. ती बी तीन तीन डबे! आईच्या जिवाची तुला काळजी हाय, हे मला आज कळलं बघ."

आता सांगा, या वाक्यानंतर कोण कुणाला ओरडणार?

"पण... तिन्ही एकत्र का केलेस?"

"तंबाखू ती तंबाखू. त्यात जात बघायची का?"

हिशेब सरळ होता. बाहेर जाणकार माणूस बसलेला. खोटेपणा न चालणारा. तीन मिश्रणं म्हणून एकच माल पुढे केला, तर तो दुसऱ्या झुरक्याला ओळखणार. 'एकदा कळलं की संपलं!' आणि दीप्ती आयुष्यात बोलणार नाही. पण दुसरा उपाय काय? मी परातीतला उरलेला तंबाखू तीन डब्यांत सारखा भरला, झाकणं लावली आणि हसत हसत बाहेर आलो. एव्हाना आसावरी आणि दीप्ती परतलेल्या. मंजुळाबाई 'जरा पानी पिऊन येते' म्हणून आत गेल्या.

डबे टेबलावर मांडले. महेंद्ररावांनी खिशातून पाइप काढला. तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला. मी नोंद केली : उत्कंठा.

"आधी तुम्ही," ते म्हणाले.

"छे छे! पाहुणे तुम्ही."

"यजमानाचा मान."

"वयाचा मान!"

"मी तुमच्याहून लहान आहे."

शेवटी दोघांनी एकदम पेटवले. मी धूर गालात धरून हळूच सोफ्यामागे सोडला. महेंद्ररावांचे डोळे लाल झाले, कपाळाची शीर उभी राहिली. मी श्वास रोखून वाट बघत बसलो. आता पकडणार! आता डबा आपटणार!

"हं," महेंद्रराव दाटल्या आवाजात म्हणाले, "सुरुवातीला गवताचा गोडवा आहे."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलेलं!

दुसरा डबा. "हा पूर्ण वेगळा. मागाहून कातड्याचा भास होतो."

तिसरा डबा. "हा मात्र सगळ्यांत उत्तम. जिभेला चावत नाही. पहिल्याची आणि याची तुलनाच नको! जमीन-अस्मान!"

वाचकहो, मला काय वाटलं म्हणून सांगू! हा माणूस तोच व्हिडिओ बघून आलेला! आमचे व्याही माझ्याइतकेच फेकू! डोक्यातल्या रकान्यात लाल गोलांची रांगोळी पडली. पण बोलायची सोय नव्हती. त्यांचं उघडं पाडायचं तर डब्यांत एकच माल आहे हे सांगावं लागणार.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मी म्हटलं. "तिसऱ्याची सर पहिल्याला नाही."

"कशी येईल?" महेंद्रराव म्हणाले, आणि हिरवे झाले. खरंच हिरवे! मीही फार मागे नव्हतो. पंखा जागेवर होता, घर फिरत होतं. "जरा... आडवा होऊ का?" त्यांनी विचारलं. मी सरकून जागा केली. दोन व्याही एका दिवाणावर, पाय एकमेकांच्या उशाशी, पोटांवर विझलेले पाइप.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हसण्याचा खदखदाट ऐकू आला. दीप्ती आणि रत्नदीप आत धावले. पाठोपाठ आसावरी. पाठोपाठ, भिंत धरत, आम्ही.

ओट्याखाली फरशीवर दोन्ही आज्या पाय पसरून बसलेल्या. मध्ये तवा. दोघींची बोटं तोंडात, दात कोळशासारखे काळे, आणि चेहऱ्यावर अशी तृप्ती, जणू पृथ्वीवर कुणाचंच काही देणं नाही.

"काय चव हाय गं बाई!" मंजुळाबाई म्हणत होत्या. "म्हायेरी चुलीम्होरं बसल्यागत वाटतं. धुराचा वास हाय हिला."

"माझ्या शिवरामनं आनली," आई म्हणाली. "हितं मिळत न्हाई असली."

मंजुळाबाईंची नजर मुलाच्या हातातल्या पाइपकडे गेली. "अगं बया! महिंद्रा, ती नळी कशाला आनलीस? नाटकातली न्हवं ती? हापिसच्या गॅदरिंगमदी सायेब झालेलास, तवाची?"

महेंद्ररावांनी पाइप पाठीमागे लपवला. "आई, तू जरा..."

"बिडीच्या धुरानं तुला उलटी व्हायची लहानपनी!"

"ह्यो बी तसलाच!" आई उत्साहानं म्हणाली. "उदबत्ती लावली तर शिंकून शिंकून मरतो. ह्यो कुठला ओढतोय!"

मी दीप्तीकडे बघायचं टाळलं. महेंद्ररावांनी रत्नदीपकडे बघायचं टाळलं. मग आम्हाला एकमेकांकडेच बघावं लागलं.

"शिवरामराव," ते म्हणाले, "तुम्ही एवढ्या रुबाबात 'पाइप ओढता?' विचारलंत. नाही म्हणायला लाज वाटली. मला वाटलं, मुलीकडचे फार मोठे लोक दिसतात."

"आणि मला वाटलं, मुलाकडचे," मी म्हटलं.

"पण तिसरा डबा खरंच चांगला होता हो."

"तिन्हीत एकच होतं."

दीप्तीचा चेहरा लाल झाला. बोलणं बंद व्हायची ही सुरुवात, असं मी समजलो. पण ती रत्नदीपच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! "रत्नदीप, तू म्हणालेलास ना, आपल्या घरच्यांचं जमणार नाही म्हणून?"

"पण मी म्हणालो होतो," महेंद्रराव पुटपुटले, "खोटेपणा मला..."

"गप ऱ्हा!" मंजुळाबाईंनी काळं बोट उगारलं. "एक तुझा, एक ह्यांचा. फिटलं! हौसाबाई, पौर्निमेच्या आत विहारात लगीन लावून टाकू. न्हाईतर ही दोघं आनखी काहीतरी ओढत बसतील."

"आणि मानपानाचं?" आसावरीनं भीत भीत विचारलं.

"आमाला लुगडं नको का भांडी नको." त्यांनी तवा बोटानं निपटला. "हिच्यातली एक डबी. वरसाच्या वरसाला."

लग्न झालं. फोटोत आम्ही दोघं व्याही पाइप धरून उभे आहोत. रत्नदीपनं मुद्दाम धरायला लावले, आणि तो फोटो मोठा करून आमच्याच हॉलमध्ये टांगला. आईला मी अजून सांगितलेलं नाही, की डबे तिच्यासाठी आणले नव्हते. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच मला गुणाचा म्हटलंय. ती नोंद खोडायला माझा हात होत नाही.

परवा साईनाथ भेटला. पुढचे डबे सांगायचे होते. त्यानं मोठ्या आदरानं विचारलं, "काय साहेब, कसं वाटलं माइल्ड इंग्लिश? तुम्ही काय, जाणकार!"

मी गॉगल नीट केला, आकाशाकडे पाहिलं.

"आहे चांगला," मी म्हटलं. "फक्त मंद आचेवर भाजावा लागतो."