भिकूअण्णा आणि आसावरची जागा

नागावात बैलगाडीत बसायचं तर आधी भिकूअण्णांपुढं उभं राहावं लागे. ते माणसाला खालून वर न्याहाळत, मनात तोलत, मग जागा देत. जाडी माणसं मध्ये, काटकुळी मागं, नारळाची पोती पुढं. "शेपूट हलकं हवं," हे त्यांचं पालुपद.

शेजारचे हे अण्णा इंग्रजांच्या वेळी कराचीला लष्करी विमानांचे सुतार होते. सैनिक वाहून नेणारं अजस्र विमान: दोन इंजिनं, पोटात दोन्ही बाजूंना बाकं, बावीस शिपाई बंदुकांसकट. समोरून वारा सुटला की खालची आगगाडी त्याला मागं टाकी, हेही ते अभिमानानंच सांगत. पुढं पंखांच्या लाकडी फासळ्या गेल्या, धातूच्या आल्या, आणि सुतार घरी येऊन गाडी हाकू लागला. मग विमानाचं सगळं शास्त्र बिचाऱ्या बैलांवर आलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची नवी सून. अंगानं भरलेली, डोक्यानं रिकामी. अण्णा मला दर खेपेस बरोबर आसावर, दोन चाकांच्या मधोमध, बसवत. चारचौघांत माझं वजन काढतात म्हणून मी धुमसत असे. चौथी शिकलेली होते, त्यामुळे अपमान लवकर कळे, बाकी काही कळत नसे.

अण्णांचा एकुलता एक दत्तू सरहद्दीवर शिपाई. आईवेगळा, अण्णांनीच वाढवलेला. त्याचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं: आमची तुकडी विमानानं डोंगरांपलीकडं जाणार. अण्णांनी लगेच माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, पंखांपाशीच बस म्हणून. लिहिलं मी, डोक्यात काही शिरलं नाही.

महिना गेला, पत्र नाही. अण्णा अंगणात कोळशानं विमान काढत, त्यात बावीस सुपाऱ्या मांडत, उचलत, पुन्हा मांडत. गाडीत तर एक बोचकं इकडचं तिकडं होऊ देईनात.

नेमकं तेव्हाच मला बंड सुचलं. अलिबागला निघताना, अण्णा बैलांपाशी असताना, मी आणखी दोघींना ओढून मागच्या टोकाला ऐटीत बसले. चढाला गाडी उलाळ झाली. मागचं टोक खाली, जू वर, बैलांचे गळे आवळलेले. एक पोतं सुटलं, नारळ घरंगळले, त्यांच्यामागोमाग मी. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी आधी बैलांच्या गळ्याचे दोर सोडवले.

"हितं उतरून ढकलता तरी येतं, गो," ते म्हणाले. "वर आभाळात न्हाय."

आठ दिवसांनी पत्र आलं. 'खुशाल पोचलो. पंखांपाशी हादरे कमी, म्हणून तुम्ही सांगितलेली जागा एका आजारी गड्याला दिली. मी शेपटाशी बसलो. वाटभर ओकलो.' अण्णांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी 'हादरे कमी'पाशी अडखळले. आमच्या गाडीत हादरे कमी कुठं लागतात, ते मला तेव्हा उमगलं: आसावर, माझ्याच जागी.

पुढच्या खेपेला आम्ही सवयीनं रांगेत उभ्या राहिलो. "बसा कुठंही," अण्णा म्हणाले. कासरा त्यांनी माझ्या दिराच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या टोकाला जाऊन बसले, पाय खाली सोडून, मागं पडणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून.

चढ आला. जू उचलू लागलं. कुणी न सांगता मी आसावरून उठले आणि पुढं सरकले.