हाताला एक बोट

आमच्या शेजारच्या नाखव्यांना टेप दाखवला की ते तोंड फिरवतात. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत माझा फ्रिज आला, तेव्हा दुकानाची माणसं दारात टेप धरून वाद घालत होती. नाखव्यांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा आपला हात चौकटीला दोनदा लावला आणि म्हणाले, "तिरपा घ्या, जातंय." गेला!

करंज्याच्या किनाऱ्यावर जन्मभर मासेमारी केलेला हा माणूस. होडी मोडीत निघाली, तेव्हा मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. मग गॅलरीत बसून त्याच होडीची लहान होडी करायला घेतली. माप काय, तर हाताला एक बोट. खऱ्या होडीत जे हातभर, ते इथे बोटाच्या रुंदीएवढं.

"ल्हान करायचा तं सगला सारका ल्हान करायचा, मास्तर. कोनाला सूट नाय."

मी शाळेत गणित शिकवतो. खोड काढायला म्हणून पट्टी घेऊन गेलो. जुन्या होडीची मापं त्यांना तोंडपाठ. ते सांगत गेले, मी ताडून पाहत गेलो. त्यांचा एक हात म्हणजे चोवीस बोटांची रुंदी, आणि वल्हं, डोलकाठी, नांगर, सगळं बरोबर चोविसाव्या हिश्शाचं! इतकी वर्षं फळ्यावर प्रमाण शिकवतोय, पण त्या दिवशी मी मनातून हात जोडले.

होडी पुरी झाली. नाखव्यांनी ती आपल्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. त्या टोकापासून बोटाला बोट लावत मोजू लागल्या आणि सव्वीसवर थांबल्या.

"आपली बावीस हातांची व्हती. ही कोनाची आनलीत?"

नाखव्यांचा चेहरा पडला. मी लगेच मास्तरकी सुरू केली, "काकू, तुमचं बोट बारीक आहे. प्रमाण तेच..."

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," नाखवे म्हणाले. "ती आता बोटानंच बगते. माप तिचाच घ्याला पायजे व्हता. माजाच चुकला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या बोटाच्या रुंदीएवढी एक काडी कापली आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली. चार महिने लागले. वल्हं, डोलकाठी, नांगर, कोणालाही सूट नाही.

नवी होडी मांडीवर आली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. काकू मोजत होत्या. एकवीस म्हटलं तेव्हा नाखव्यांनी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. बावीसला बोट बरोबर टोकाला टेकलं.

मग काकूंनी सुकाणूजवळची, नाखव्यांची बसायची फळी चाचपली.

"अवो, उबे का?" त्या म्हणाल्या. "बसा तुमच्या जाग्यावर."

नाखवे त्यांच्या पायाशी, फरशीवरच बसले.