चार लिंबं आणि चाकांवरचं घर

गाडी कुठलीही असो, तिच्या चाकांखाली लिंबं चिरडल्याशिवाय ती वापरायला काढू नये, हे मी छातीठोकपणे सांगते! आमच्या घरात सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत जे जे आलं, त्याला लिंबू मी स्वतः ठेवलंय. एकालाही अपघात नाही! सायकल एकदा विहिरीत पडली, पण तेव्हा तिच्यावर बारकूभावजी बसले होते. हे माझे धाकटे दीर. लिंबू सायकलीला ठेवलं होतं, त्यांना नव्हतं.

मी तुळशी. बदलापूरच्या पुढे, तळ्याकाठी आमचा माळ आहे. माझं वय विचारू नका. आधार कार्डावर एक आहे आणि गुडघ्यांचं दुसरंच आहे.

तर माझी नात हर्षदा हिच्या डोक्यात आलं, की या माळावर शहरातले लोक राहायला येतील. तिने दोन लाकडी खोल्या उभ्या केल्या आणि उल्हासनगरात एक चाकांवरचं घर बनवून घेतलं. उल्हासनगरात काय बनत नाही! आत पलंग, ओटा, मोरी, सगळं. खाली चार चाकं. फक्त इंजिन नव्हतं. टेम्पोला बांधून आणलं आणि चाकांना पुढून-मागून दगड लावून उभं केलं.

माझा मुलगा राजेश, म्हणजे हर्षदाचा बाप, सुरुवातीपासून फुरंगटलेला.

"पहिल्या पाहुण्यांनी नावं ठेवली ना, तर हे डबडं विकायचं," तो म्हणाला. "आणि तू अंबरनाथच्या कंपनीत चिकटायचं. मी शब्द टाकून ठेवलाय."

"आणि नावं नाही ठेवली तर?" हर्षदाने विचारलं.

"तर मी तोंड उघडणार नाही."

पहिले पाहुणे आले बदलापुरातल्या कात्रपहून. कुंदाताई आणि त्यांचे मिस्टर भगवंतराव. त्यांनी चाकांवरचं घरच मागितलं. आले तशी एकेक लक्षणं दिसायला लागली. दूध उतू गेलं! नळाला आधी नुसती हवा, मग बेडूक! टपावर कावळा बसला तो उठेचना! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी घाईत आली, तिची पूजाच झाली नव्हती! लिंबं राहिली!

"आजी, ती उभी राहणारी गाडी आहे. तिला कसली लिंबं?" हर्षदा म्हणाली.

"चाकं आहेत ना? मग!"

दुपारी पाहुणे नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण हाणून गाडीत आडवे झाले. हर्षदा बापाला घेऊन गावात सामान आणायला निघाली. स्कूटरवर बसता बसता म्हणाली, "आजी, तासभर काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"मी कधी काही करते का?"

ती वळणाआड गेली आणि मी ओच्यातून लिंबं काढली.

"वैनी, पोरीनं सांगलंय ना, बसा म्हणून," बारकूभावजी म्हणाले.

"पोरीला संसार माहीत आहे का? गाडी वीतभर पुढे ओढायची, लिंबं फुटली की परत दगड लावायचे. पाहुण्यांनी कूस बदलायच्या आत काम होतंय."

"उतार हाय, वैनी."

"कुठंय उतार? साठ वर्षं चालतेय मी या माळावर!"

आता कळतंय, साठ वर्षं चालून माझी कंबरच उताराच्या मापाने वाकली आहे. मला तो माळ कायम सपाट दिसतो.

गाडीचं तोंड रस्त्याकडे. म्हणून चारी चाकांच्या पुढच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला, चार लिंबं मांडली. हळदकुंकू वाहिलं. पुढच्या कडीला गुरं बांधायचा दोर अडकवून भावजींच्या हातात दिला.

"मी दगड काढते. हो म्हटलं की ओढा!"

"हो, वैनी."

मी शेवटचा दगड काढला. हो म्हणायची वेळच आली नाही! गाडी एकदा चुळबुळली, लग्नात जागा करून बसणाऱ्या बाईसारखी, आणि निघाली. रस्त्याकडे नाही! तळ्याकडे!

"ओढा, भावजी, ओढा!"

"मीच चाललोय, वैनी!"

भावजी दोराला धरून गाडीमागे असे धावत होते, जसं बाजाराला नेलेलं नाखुश वासरू! जांभळीला बांधलेली कपड्यांची दोरी तुटली आणि भगवंतरावांचा लेंगा निशाणासारखा फडफडत निघाला. मी मागून "थांब गं बाई, थांब!" म्हणत पळतेय. गाडी ऐकते होय! गेली सरळ पाण्यात, आणि गुडघाभर पाण्यात, चिखलात रुतून एकदाची थांबली.

दार उघडलं. कुंदाताईंनी झोपेत पाय खाली टाकला तो डुबुक!

"अहो! उठा! तळं घरात आलं!"

भगवंतरावांनी खिडकीतून डोकं काढलं. "तळं नाही आलं गं. आपण आलोय!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. हर्षदाचं काय होणार, एवढंच माझ्या मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "ऊन चढलं की आम्ही गाडी पाण्यात नेतो. गारवा लागतो!"

"बघा!" कुंदाताई नवऱ्याला म्हणाल्या. "आणि तुम्ही म्हणत होता, सोयी नाहीत!"

दोघं दारात बसून पाय पाण्यात सोडून हलवायला लागली. चहा मागितला. बारकूभावजी किटली डोक्यावर घेऊन पाण्यातून गेले. मग बिस्किटं मागितली. परत गेले. मग साखर कमी म्हणाले. परत गेले!

इतक्यात स्कूटर आली. राजेशने रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तळ्याकडे. मग माझ्याकडे. आणि ट्रॅक्टर आणायला गेला.

हर्षदा मात्र थेट पाण्यात शिरली. "काका, काकू, ही सोय नाही. चूक आहे. आजीने पूजेसाठी दगड काढले. तुम्हाला काही झालं असतं तर? माफ करा."

कुंदाताईंचे हलणारे पाय थांबले. "म्हणजे गाडी आपोआप आली?"

भगवंतराव पांढरे पडले. "मला पोहता येत नाही," ते म्हणाले आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाय वर घेऊन बसले.

गाडी जागेवर आली. तेव्हा हर्षदाने खाली वाकून काहीतरी उचललं. चारही लिंबं! जशीच्या तशी! गाडी मागे गेली, लिंबं पुढे राहिली. एकाला ओरखडासुद्धा नाही!

तिने ती धुतली आणि पाहुण्यांना सरबत करून दिलं.

दुसऱ्या दिवशी जाताना भगवंतरावांनी अभिप्रायाच्या वहीत काहीतरी लिहिलं. राजेश हाताची घडी घालून उभा. हर्षदाला वही उघडवेना. म्हणून मी घेतली. मला अक्षरं हिनेच शिकवलीत, म्हातारपणी. एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं,

"जेवण उत्तम. मुलगी खरं बोलते. जाहिरातीत तळं पन्नास पावलांवर लिहिलं आहे, प्रत्यक्षात बरंच जवळ आहे. दिवाळीनंतर पुन्हा येऊ. लाकडी खोली द्यावी."

राजेशने तोंड उघडलं, ते हसायला! मग शब्द आठवून मिटलं आणि ट्रॅक्टर धुवायला गेला.

हर्षदाने मला शिक्षा दिली. एक पाटी आणि ब्रश. तिने सांगितलेलं मी माझ्या हाताने लिहिलं आणि ती पाटी आता गाडीला टांगलेली आहे: चाकांखालचे दगड काढू नयेत.

नवे पाहुणे ती वाचून हसतात. परवा एक बाई म्हणाल्या, "आजी, हेसुद्धा लिहावं लागतं? दगड कोण काढणार?"

"असतात हो एकेक अडाणी," मी म्हटलं आणि बारकूभावजींकडे पाहिलं.

"हो, वैनी," ते म्हणाले.