फ्रेंच वेलींचे पाटील

पाटीलकाका लबनचा, म्हणजे इथल्या ताकाचा, पेला आधी उजेडात धरतात, मग गोल फिरवतात, मग त्यात नाक खुपसतात. घोट घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "मर्लो असती तर!"

या माणसानं जन्मात वाइनचा थेंब चाखलेला नाही. निफाडला घरात चालत नव्हती आणि सौदीतल्या या तबूकमध्ये चाखायची म्हणजे तुरुंग बघायचा. जन्म द्राक्षमळ्यातला, नोकरी इथल्या शेतीकंपनीत ठिबकच्या इंजिनिअरची, आणि डोकं कायम इटलीत. त्याला जबाबदार मार्को. हा इटालियन पंप बसवायला आला आणि जाईपर्यंत काकांना आपल्या फ्रिउलीतल्या फ्रेंच वेलींचा इतिहास ऐकवत राहिला. तेव्हापासून काका तो आम्हा कंपनीतल्या मराठी पोरांना ऐकवतात.

"फ्रान्सहून वेली आणल्या तेव्हा गावठी जातींनी नाकं मुरडली. मग मुळं खाणारी कीड आली, मळेच्या मळे बसले. पुन्हा लावताना लोकांनी ही फ्रेंच मर्लोच लावली. आज तिकडच्या म्हातारीला विचार, म्हणेल आमच्या पणजोबांची आहे!"

"म्हणजे वेलीला नागरिकत्व, आणि आपल्याला दर खेपेला इकाम्याच्या परवान्यासाठी कफील मालकाचे पाय धरायचे," मी म्हणायचो. "अर्ज करू या, काका. सह्या मी गोळा करतो."

"वेल सह्या करत नाही रे. वेल फळ देते."

असल्या साधुत्वानंच जगातले सगळे मालक माजलेत, हे माझं मत आजही कायम आहे.

अरबीत 'प' नाही. त्यामुळे इकाम्यावर पाटीलचं झालं 'बातिल', आणि अरबी कानाला ते ऐकू येतं रद्दबातल. नाक्यावरचा शिपाई नाव वाचून हसला की काकाही हसत. "फ्रिउलीत कार्मेनेर वेलीला शंभर वर्षं चुकून दुसऱ्याच जातीच्या नावानं, कॅबर्ने फ्राँ म्हणायचे. तिचं काही अडलं?"

मग त्यांच्या मुक्ताची बारावी झाली. परदेशी मुलांना इथं पुढं शिकायची सोय नाही, तेव्हा नाशिक. मुक्ता जन्मापासून तबूकची. नाशिक म्हणजे तिच्या लेखी दोन वर्षांतून एकदा भोगायची सुट्टी. घरात महिनाभर धुसफूस चालली होती. एका शुक्रवारी मी जेवायला असताना तिनं ताट सरकवलं.

"बाबा, व्हेअर ॲम आय फ्रॉम?"

काकांनी घसा साफ केला. "हे बघ बाळा, मर्लो जेव्हा फ्रिउलीत आली—"

"आय ॲम नॉट अ ग्रेप, बाबा!"

काकू फिस्सकन हसल्या, मीही हसलो. काकांनी निमूट तिचं ताट तिच्यापुढं सारलं आणि वरणावर तूप वाढलं.

काकूही मुलीबरोबर निघाल्या, कायमच्याच. विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो. दारात मुक्तानं काकांची कॉलर नीट केली आणि चक्क मराठीत म्हणाली, "वेळेवर जेव."

परतीच्या रस्त्यावर काका खिडकीबाहेर बघत बसले. आता बोलणार, कार्मेनेर काढणार, म्हणून मी वाट बघत होतो.

"मार्कोला मी एकदा विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले. "वेली इटलीत रुजल्या, झकास. पण ज्या मळ्यातून नेल्या, त्याचं काय झालं? तो म्हणाला, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

त्यांच्या बिल्डिंगचं वळण आलं, मी गाडी हळू केली.

"सरळ घे रे," काका म्हणाले. "कुठंतरी चहा पिऊ."